ऑपरेशननंतर दूध बाधू लागलं, आता काय?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दूध पचेनासं झालं, अशा आशयाची पत्रं या महिन्यात बरीच आली. बहुतेकांनी घाबरून दूध, दही, पनीर सगळंच बंद केलंय आणि त्यांच्या जागी काहीच घेतलेलं नाही. आम्हाला काळजी आहे ती त्याची. त्यातल्या सहा पत्रांना इथे सविस्तर उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझं वय ४४. पाच आठवड्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास झालं. आजवर रोज दूध प्यायले, कधी त्रास झाला नाही. आता प्रोटीन पावडर कपभर दुधातून घेतली की पाऊण तासात पोटात गुडगुड, कळा आणि दोन-तीनदा पाण्यासारखी शौचास होते. ऑपरेशनमध्ये काही बिघडलं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तरी तसं वाटत नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं आणि ते लहान आतड्याच्या अस्तरावर, त्यातही जास्त करून वरच्या भागात असतं. लहानपणी ते भरपूर असतं, पण आपल्याकडे बहुसंख्य लोकांत वयाबरोबर कमी होत जातं. एरवी हे लक्षात येत नाही, कारण शाबूत जठर दूध थोडं थोडं करून खाली सोडतं आणि जे काही विकर उरलेलं असतं ते तेवढं काम उरकतं. बायपासनंतर ही सोय राहत नाही. जठराची छोटी पिशवी उरते, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो आणि दूध भराभर पुढे सरकतं. न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून जुलाब. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून वायू तयार करतात, म्हणून गुडगुड आणि फुगारा. म्हणजे दोष जुनाच होता, आजवर झाकलेला होता.

आता तुमच्या पेल्याचा हिशेब करू. गाईच्या १०० मिली दुधात साधारण ४.५ ते ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे २०० मिलीच्या कपात जवळपास १० ग्रॅम. त्यात पावडर साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटची (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाची) असेल तर एका मापातून आणखी एक-दोन ग्रॅम. ऑपरेशन न झालेल्या, पण दूध न पचणाऱ्या बहुतेक माणसांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. तुम्ही पाचव्या आठवड्यात तेवढंच लॅक्टोज छोट्या पिशवीत, तेही पातळ स्वरूपात, एकदम ओतताय.

पावडर थांबवू नका, दूध थांबवा. तीच पावडर १५० मिली साध्या पाण्यात मिसळा आणि अर्ध्या तासात घोट घोट संपवा. तेवढ्याने भागलं नाही तर पावडर बदला. डब्याच्या मागच्या घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘व्हे प्रोटीन आयसोलेट’ असलेली घ्या, तिच्यात लॅक्टोज नाममात्र असतं. सोया किंवा वाटाण्याच्या प्रथिनाची पावडर असेल तर ते मुळीच नसतं. मात्र डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रोटीन’ लिहिलंय म्हणून फसू नका. औषधांच्या दुकानातल्या कित्येक डब्यांत पहिला घटक स्किम्ड मिल्क पावडर असतो आणि तिच्यात वजनाच्या जवळपास निम्मं लॅक्टोजच असतं. अशा डब्याचं माप पाण्यात घातलं तरी पोट बिघडणारच.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी स्लीव्ह (जठराचा बराच भाग काढून त्याची नळी करण्याचं ऑपरेशन) झालं. परवा लग्नात वाटीभर बासुंदी खाल्ली आणि पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, मग जुलाब. घरचे म्हणतात, तुला दूध चालत नाही. पण चहा तर चालतो. नक्की कशावर बोट ठेवायचं? (वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमच्या बासुंदीत दोन आरोपी एकत्र होते आणि पहिला संशय साखरेवर जातो. गोड, दाट पदार्थ लहान आतड्यात भसकन उतरला की १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, चक्कर, कधी जुलाब असा त्रास होतो. त्याला डम्पिंग म्हणतात. बायपासनंतर ते जास्त दिसतं, स्लीव्हनंतरही होतं. लॅक्टोजचा त्रास साधारण अर्ध्या ते दोन तासांत येतो आणि तो पोटापुरता असतो : वायू, गुडगुड, कळा, पातळ शौच. त्यात घाम आणि धडधड हे मुख्य लक्षण नसतं. तिसरा प्रकार खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येतो. हातपाय थरथरतात, गळून जायला होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर बघावी. ती ७० च्या खाली असेल तर ते उशिराचं डम्पिंग. ग्लुकोज घ्यावं, वर थोडं प्रथिनाचं काहीतरी खावं आणि तो आकडा डॉक्टरांना कळवावा.

घरच्या घरी छडा लावता येतो. दोन आठवडे दूध, चहातलं दूध, दही, ताक, पनीर, खवा, आइस्क्रीम पूर्ण बंद ठेवा. बिस्किटं, ब्रेड, तयार सूपची पाकिटं यांच्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ किंवा ‘व्हे पावडर’ लिहिलंय का तेही बघा. या दिवसांत प्रथिनांची भरपाई अंडी, मासे, डाळी, सोया यांनी करा. त्रास गेला तर पंधराव्या दिवशी न्याहारीनंतर ५० मिली साधं, बिनसाखरेचं दूध घ्या. दोन दिवस तेवढंच. मग दोन दिवस १००, दोन दिवस १५०, दोन दिवस २००. जिथे पोट कुरकुरेल त्याच्या आधीची पायरी ही तुमची मर्यादा. वहीत वेळ, प्रमाण आणि लक्षण लिहा, आठवणीवर विसंबू नका. साधं दूध २०० मिली निमूट पचलं आणि गोड दूध मात्र बाधलं, तर दुधाला उगाच दोष दिला होता असं समजा.

चहाचं कोडं सोपं आहे. एका कपात ३० ते ६० मिली दूध जातं, म्हणजे दीड ते तीन ग्रॅम लॅक्टोज. तेवढं बहुतेकांना झेपतं.

श्वासातला हायड्रोजन मोजणारी चाचणीही असते. तिच्यात २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात. अशा ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, तेवढ्या मात्रेने डम्पिंग होऊ शकतं. शिवाय अन्न पुढे लवकर सरकतं किंवा लहान आतड्यातच जिवाणू वाढलेले असतात, त्यामुळे चाचणी चुकीची ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. म्हणून आमचा कौल आधी वहीच्या प्रयोगाला.

आणि दूध-दही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वासात घरघर असं काही होत असेल तर ती दुधाची ॲलर्जी. तिथे हे प्रयोग मुळीच करू नयेत.

प्रश्न : आमच्या घरी म्हशी आणि एक देशी गाय आहे. ताजं, ए२ दूध बाधत नाही म्हणतात. शेळीचंही सुचवलं. ऑपरेशन झालेल्या भावाला कोणतं द्यावं? (वाचक, सांगली)

उत्तर : यातलं कोणतंही दिलं तरी लॅक्टोज जवळपास तेवढंच जाणार. ए२ हा दुधातल्या प्रथिनाचा प्रकार आहे, त्याचा साखरेशी संबंध नाही. शेळीच्या दुधात लॅक्टोज किंचित कमी असतं, पण एवढ्याशा फरकाने पोट सुधारत नाही. उकळून, साय काढून, पाणी घालून लॅक्टोज नाहीसं होत नाही. पाणी घातलं की फक्त दर घोटाचं प्रमाण उतरतं.

उपाय तुमच्या घरातच आहे, तो म्हणजे विरजण. दही लागताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन त्याचं आम्ल करतात. शिवाय ते जिवाणू पोटात गेल्यावरही लॅक्टोज फोडायला मदत करतात. म्हणूनच दुधाने जुलाब होणारा माणूस बऱ्याचदा दही पचवतो. दूध उकळून बोटाला सोसेल इतपत कोमट करा, अर्ध्या लिटरला चमचाभर ताजं विरजण ढवळा, आणि दही लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये न टाकता आणखी दोन-तीन तास बाहेर राहू द्या. अदमुऱ्या दह्यापेक्षा आंबटसर दह्यात लॅक्टोज कमी. विकतच्या काही दह्यांत घट्टपणासाठी दूध पावडर घालतात, तिथे हिशेब उलटा होतो. कढीसाठी दही उकळलं की जिवाणू मरतात, त्यामुळे भावाला पहिल्या प्रयोगात कढी नको, कच्चं दही द्या.

याहून चांगला चक्का. दही मलमलच्या फडक्यात बांधून पाच-सहा तास टांगा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा. लॅक्टोज पाण्यात विरघळतं, ते बरंचसं निवळीबरोबर गळून जातं आणि प्रथिन फडक्यात दाटतं. ती निवळी भावाला पाजू नका, पौष्टिक म्हणून कणकेत घालून त्याच्या पोळीलाही वापरू नका. चक्क्यात जिरेपूड, मीठ, किसून पिळलेली काकडी घाला. साखर घालून श्रीखंड केलं की डम्पिंगला आमंत्रण.

पनीरलाही हाच न्याय लागू होतो. दूध फाडल्यावर लॅक्टोज बहुतेक पाण्यात जातं. ४० ग्रॅम पनीरमधून सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण एक ग्रॅम लॅक्टोज मिळतं. म्हशीच्या दुधाचं पनीर फार स्निग्ध होतं, ते छोट्या पोटाला जड जातं, म्हणून यासाठी गाईचं दूध घ्या. पहिले दोन-तीन महिने तुकडे न देता कुस्करून भुर्जी करा.

ताकाबद्दल एक सावधगिरी. एक भाग दह्याला तीन भाग पाणी घातलं तर १५० मिली ताकात जेमतेम दीड ग्रॅम लॅक्टोज राहतं, ते सहज पचतं. पण प्रथिनही तेवढंच पातळ होतं. ताक दिवसाच्या दीड-दोन लिटर पाण्याच्या हिशेबात धरा, प्रथिनांच्या नाही. तूप निर्धास्त चालतं, त्यात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. खवा मात्र आटवलेलं दूध आहे. त्यात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम लॅक्टोज असतं.

प्रश्न : वय ३९, बायपासला दोन वर्षं झाली. दीड वर्ष दुधाचं काही खात नाही. रात्री कॅल्शियम ५०० ची एक गोळी लोहाच्या गोळीसोबत घेते. आता कंबर आणि पिंढऱ्या दुखतात. रक्तातलं कॅल्शियम ९.२, पण ड जीवनसत्त्व १४ आणि पीटीएच ९८ आलं. नाचणी रोज खाते. कॅल्शियम नॉर्मल आहे, मग दुखतं का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हे पत्र आम्ही दोनदा वाचलं. ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबून राहू नका. आहारातून कॅल्शियम कमी पडलं की पीटीएच हे संप्रेरक वाढतं (तुमचं वाढलेलंच आहे) आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तातली पातळी टिकवतं. म्हणजे तुमच्या ९.२ ची किंमत हाडं मोजताहेत. हे तिन्ही आकडे घेऊन या आठवड्यातच तुमच्या सर्जन किंवा हॉर्मोनतज्ज्ञांकडे जा. ड जीवनसत्त्वाचा भरून काढायचा डोस ते ठरवतील. ६०,००० युनिटच्या गोळ्या मनाने घेत राहू नका. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी दोन वर्षांनी करायची असतेच, तीही याच वेळी विचारा.

गोळीत तीन चुका होताहेत. पहिली प्रकाराची. तुमची गोळी बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची असावी. ती शोषली जायला जठरातलं आम्ल लागतं आणि बायपासच्या पिशवीत ते फार कमी तयार होतं. म्हणून सायट्रेट घ्यायचं. दुसरी मात्रेची. बायपास किंवा स्लीव्हनंतर अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम ‘एलिमेंटल’, म्हणजे गोळीतलं निव्वळ, कॅल्शियम लागतं. इथे वेष्टन नीट वाचा. कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम म्हणजे एलिमेंटल कॅल्शियम फक्त २१० च्या आसपास. मोठा आकडा बघून पुरेसं झालं असं वाटतं आणि फसगत होते. तिसरी चूक वेळेची. शरीर एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंतच नीट शोषतं, आणि कॅल्शियम व लोह एकत्र घेतले तर लोहाचं शोषण अडतं.

वेळापत्रक असं बसवता येईल : न्याहारी, दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांच्यासोबत कॅल्शियमचा एकेक हप्ता, आणि मधे साडेचार-पाचच्या सुमारास लोह, लिंबूपाण्याबरोबर. दोन्हींत किमान दोन तास अंतर ठेवा. चहाही लोहाच्या जवळपास नको. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यानंतर चार तास कॅल्शियम घेऊ नये, म्हणजे त्यांचा पहिला हप्ता दुपारच्या जेवणासोबत येईल. कॅल्शियम जेवणासोबत घेण्यात आणखी एक फायदा आहे. बायपासनंतर मुतखड्याचा धोका वाढतो. अन्नातलं ऑक्झलेट कॅल्शियमला चिकटून शौचावाटे निघून गेलं तर तो कमी होतो.

नाचणी चांगलीच, पण ३० ग्रॅम पिठातून कॅल्शियम मिळतं सुमारे १०० मिलिग्रॅम. चमचाभर तिळांतून चाळीसेक. तुमच्या पोटात मावेल एवढ्या अन्नातून १२०० कधीच भरणार नाहीत. काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हा कोकणातला खरा साठा. ती मिठाची असते, दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या.

प्रथिनं दूध न घेताही भरतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हे लक्ष्य ठेवा. दोन अंडी १२ ग्रॅम, ७५ ग्रॅम बांगडा किंवा सुरमई १५, सोयावड्या सुक्या वजनाने २५ ग्रॅम घेतल्या तर १३, कुळथाच्या ३० ग्रॅम पिठाचं पिठलं ६ ते ७, मुगाच्या ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण ७. हे झाले ५३-५४. पाण्यातून आयसोलेटचं एक माप घेतलं की सत्तरी पार. दोन वर्षांनी एवढं जेवण चार-पाच वेळांत विभागून जमायला हवं. जमत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : लॅक्टोज-फ्री दूध आणलं, ते गोड लागतं. साखर घातली असेल का? आणि लॅक्टेजच्या गोळ्या घेतल्या तर काहीही खाता येईल का? (वाचक, टोरांटो)

उत्तर : घटकांत साखर लिहिलेली नसेल तर घातलेली नाही. त्या दुधात लॅक्टेज मिसळून लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात. ते जिभेला जास्त गोड लागतात. साखर मात्र २०० मिलीला तेवढीच, दहाएक ग्रॅम. म्हणजे वायू आणि जुलाब टळतील, पण रिकाम्या पोटी पेलाभर गटागटा प्यायलात तर डम्पिंग टळेलच असं नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकंच, म्हणून दूध आवडणाऱ्यांना आम्ही हे जरूर सुचवतो.

गोळी पहिल्या घासासोबत घ्यायची, अर्धा तास आधी किंवा त्रास सुरू झाल्यावर नाही. ३००० ते ९००० युनिटच्या मिळतात. लहान मात्रेपासून सुरुवात करा, आणि जेवण लांबलं तर वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे दुसरी. बायपासनंतर अन्न विकराला पुरेसा वेळ न देता पुढे जातं, म्हणून काहींना गोळी अपुरी पडते. त्यांनी लॅक्टेजचे थेंब वापरावेत : थंड दुधात वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात घालून २४ तास फ्रिजमध्ये ठेवावं, म्हणजे काम आधीच उरकतं. उकळत्या दुधात किंवा चहात थेंब टाकले तर उष्णतेने विकर निकामी होतं. नंतर गरम करायला हरकत नाही.

प्रश्न : मिनी बायपासला दीड वर्ष झालं, वय ५१. दीड महिना दुधाचा थेंब नाही, तरी दिवसातून पाच-सहा वेळा पातळ, तेलकट, फार वास येणारी शौच होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. गोडाची हौस शुगर-फ्री चॉकलेटवर भागवतो. (वाचक, अमरावती)

उत्तर : दीड महिन्याने तरी दुधावरचा संशय सोडून द्या, शोध दुसरीकडे हवा. तुमच्या पत्रातच दोन सुगावे आहेत. शुगर-फ्री चॉकलेट, गोळ्या, च्युइंगगम यांत माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असे गोडवे असतात. तेही न शोषले जाता आतड्यात पाणी ओढतात आणि लॅक्टोजसारखाच हुबेहूब त्रास देतात. कफ सिरप आणि चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतही ते सापडतात. आजपासून बंद. मेटफॉर्मिननेही जुलाब होतात. ते मनाने थांबवू नका, मात्रा किंवा प्रकार बदलता येतो का ते डॉक्टरांना विचारा.

तेलकट, तरंगणारी, दुर्गंधी शौच म्हणजे चरबी पचत नाहीये. मिनी बायपासमध्ये आतड्याचा बराच भाग वगळला जातो, त्यामुळे हे घडू शकतं. अशा वेळी अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही वाया जातात. लहान आतड्यात जिवाणू वाढणं हेही एक कारण, त्यावर प्रतिजैविकांचा कोर्स असतो. रक्त आणि शौचाची तपासणी करून घ्या, त्यात अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) असू द्या. पायावर सूज, केस झपाट्याने गळणं, वजन अजूनही उतरत राहणं असं काही असेल तर भेट पुढे ढकलू नका.

तुमच्या निमित्ताने सगळ्यांसाठी लिहितो. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात अचानक जोराची कळ येऊन ती थांबत नसेल, विशेषतः वजन बरंच उतरल्यावर, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा-हिंग घेत बसू नका. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं आणि तिथे तास मोजावे लागतात. काळी शौच, सतत उलट्या, ताप, लघवी कमी होणं, यांसाठीही थेट रुग्णालय गाठायचं आणि कोणतं ऑपरेशन झालंय ते दारातच सांगायचं. उलट्या दोन-तीन दिवस चालल्या तर बी१ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी त्याचं इंजेक्शन मिळालं का, हे नातेवाइकांनी विचारावं.

जाता जाता, अनेकांनी कोजागिरीच्या मसाला दुधाबद्दल विचारलंय. ऑपरेशनला तीन महिने झाले असतील आणि वहीतल्या प्रयोगात १०० मिली दूध पचलं असेल तर लॅक्टोज-फ्री दूध घ्या, न आटवता वेलची, केशर आणि बारीक वाटलेली बदामपूड घाला, साखर नको. जेवणानंतर किमान अर्धा तास थांबा आणि ७० ते ८० मिली दूध लहान वाटीतून, चमच्याने घ्या.